शोध आमचा आणि नाव ‘जुगाड’?

मंडळी, आजची पोस्ट लांब आहे. पाणी, खड्डे आणि उड्डाणपूल यांवर उद्या परत भांडूच. आज एका शब्दावर भांडायचंय. तो शब्द म्हणजे ‘जुगाड’.

आपल्या भागात कुण्या लेथवाल्यानं, वेल्डिंगवाल्यानं, गॅरेजवाल्यानं काही नवं यंत्र केलं की त्याचा व्हिडिओ फिरतो. खालच्या कॉमेंटा ठरलेल्या. ‘देशी जुगाड’, ‘इंजिनिअर फेल’, ‘नाद खुळा’. लाखभर लोक बघतात. चॅनेलवाले येऊन बाईट घेऊन जातात. आठवड्यानं सगळं थंड होतं आणि तो कारागीर परत ग्रिल अन् गेट करायला लागतो.

त्याच वेळी शहरातल्या चौकांत एक नवा फ्लेक्स दिसायला लागलाय. वाढदिवस आणि नियुक्त्यांच्या जोडीला आता ‘पेटंट प्रकाशित झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन’. वर सहा-सात प्राध्यापकांचे फोटो आणि खाली संस्थेचं नाव. यंत्राचा फोटो कुठंच नाही. का नाही ते पुढं सांगतो.

माझं म्हणणं सरळ आहे. ज्याच्या हातून यंत्र निघतं त्याच्याकडं कागद नाही आणि ज्याच्याकडं कागद आहे त्याच्याकडं बहुतेक वेळा यंत्र नाही. हे दैवानं झालेलं नाही. कायदा, भाषा, खर्च आणि आपली टाळ्या वाजवून मोकळं व्हायची सवय, या चौघांनी मिळून हे केलंय.

आधी पेटंट म्हणजे काय ते बघू, कारण या शब्दाला आपण उगाच घाबरतो. पेटंट म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं पांढरा कोट, रॉकेट आणि औषधाची कंपनी येते. जरा तहसीलदार कचेरीतल्या टेबलाकडं बघा. तिथं जाड पुठ्ठ्याची बॉक्स फाईल असते. आत पोलादी कमानी आणि एक खटका. खटका वर केला की कमानी उघडतात, कागद घातला की परत बंद. या एवढ्याशा गोष्टीमागं पेटंटं आहेत. जर्मनीतल्या बॉन शहरात फ्रीडरिश सोएनेकेन नावाच्या माणसानं १८८६ साली कागदाला भोकं पाडायच्या यंत्राचं पेटंट नोंदवलं. कमानीची फाईलही त्याचीच. पुढं श्टुटगार्टच्या लुईस लाइट्झनं त्यात सुधारणा करून खटक्याची फाईल बाजारात आणली. आज सव्वाशे वर्षांनंतरही लाइट्झ हे नाव फायलींवर छापलं जातं. पुठ्ठा, दोन तारा आणि एक खटका, बस.

आपल्याकडं काय होतं? कागद रुमालात बांधायची पद्धत होती. पुण्याचं पेशवे दफ्तर असंच रुमालांत बांधलेलं आहे. नंतर साहेबाची लाल फीत आली, मग दोन्ही टोकांना पत्रा लावलेली दोरी आली. सातबाऱ्याच्या एका नकलेसाठी आपण जे तासन् तास उभे राहतो, त्यात गठ्ठा सोडणं आणि परत बांधणं यातच किती वेळ जातो ते तिथल्या शिपायाला विचारा. हे सोपं करायची बुद्धी आपल्याकडं कुणालाच झाली नसेल, असं मला वाटत नाही. एखाद्या रेकॉर्ड कीपरनं काहीतरी बांधायची युक्ती काढलीही असेल. पण तो रिटायर झाला आणि युक्तीही त्याच्याबरोबर घरी गेली.

आपल्याच देशाचं उदाहरण घ्या. हिंदुस्थानात पेटंटचा पहिला कायदा १८५६ साली झाला. त्याखालचा पहिला अर्ज कलकत्त्याच्या डीपेनिंग नावाच्या साहेबाचा होता आणि तो होता छताचा पंखा ओढायच्या यंत्रासाठी! म्हणजे साहेबाला वारा घालायला जो माणूस दोरी ओढत बसायचा, त्याच्या जागी यंत्र. आज कुणी असा व्हिडिओ टाकला तर आपण काय म्हणू? ‘देशी जुगाड’. त्या काळी त्याला ‘शोध’ म्हटलं आणि १ नंबर दिला.

आता होडीकडं येतो, कारण तो विषय आपल्या जिवाचा आहे.

१८४९ साली अमेरिकेत स्प्रिंगफील्ड नावाच्या गावातल्या एका वकिलाला होडीचं पेटंट मिळालं. नंबर ६४६९. नदीत पाणी कमी झालं की होड्या वाळूत रुतायच्या. यानं होडीच्या दोन्ही बाजूंना हवेनं फुगणाऱ्या पिशव्या लावून ती उचलायची योजना केली. यंत्र काही बाजारात आलं नाही, पण त्याचा नमुना वॉशिंग्टनच्या संग्रहालयात जपून ठेवलाय. त्या वकिलाचं नाव अब्राहम लिंकन. पुढं राष्ट्राध्यक्ष झाला म्हणून आपल्याला ठाऊक. पण अर्ज केला तेव्हा तो आपल्यासारख्याच एका गावातला वकील होता, इंजिनिअर नव्हता.

दुसरा माणूस ओले एव्हिनरूड. नॉर्वेतून अमेरिकेत आलेल्या शेतकऱ्याचा मुलगा. शाळा लहानपणीच सुटलेली, मशीनशॉपमध्ये काम करून शिकलेला. म्हणजे आपल्या भाषेत मिस्त्रीच. त्यानं होडीच्या मागं अडकवायचं पेट्रोल इंजिन केलं, १९०९ साली विकायला काढलं आणि १९११ साली त्याचं पेटंट हातात पडलं. धंद्याचा पत्रव्यवहार आणि हिशेब बायकोनं सांभाळला. आपल्याकडं पुरात एनडीआरएफच्या रबरी बोटींच्या मागं जे इंजिन लटकलेलं दिसतं, ते त्याच वंशातलं. मिस्त्रीकडं कागद आला की काय होतं, त्याचं हे उदाहरण.

आता आपली कृष्णा-वारणा. २००५, २०१९, २०२१. तीन महापूर या पिढीनं बघितले. ८ ऑगस्ट २०१९ ला पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला लोकांना बाहेर काढणारी बोट उलटली आणि डझनाहून जास्त माणसं गेली. त्यात बायका आणि पोरं. क्षमतेपेक्षा जास्त माणसं बोटीत होती. कारण दुसरी बोट केव्हा येईल याची खात्री कुणालाच नव्हती. त्याच आठवड्यात आपल्या भागात कितीतरी ठिकाणी लोक गुळाच्या काहिलीत बसून पाण्यातून बाहेर पडले. गूळ करायची काहील, तीच होडी! नदीकाठच्या जुन्या माणसांना यात नवल नाही, पूर्वीही काहिलीतून लोक पलीकडं जायचे. पण एकविसाव्या शतकात महापुरात आपला भरवसा काहिलीवर असावा, ही कौतुकाची गोष्ट आहे का?

आपल्या पुराचं पाणी समुद्रासारखं मोकळं नसतं. खाली उभा ऊस असतो, द्राक्षबागेचे लोखंडी अँगल आणि तारा असतात, कुंपणं, विजेचे खांब, मोटारींच्या पेट्या. इंजिनाचा पंखा यातल्या कशातही अडकू शकतो. इथल्या पाण्याला कसली बोट लागते, हे इथल्याच माणसाला कळणार.

माझ्या ओळखीत एक फॅब्रिकेशनवाले आहेत. गाव सांगत नाही, नाव सांगत नाही. शिक्षण आयटीआय. २०१९ च्या पुरानंतर त्यांनी पत्र्याची एक सपाट होडी केली. पाणी उपसायच्या इंजिनाला लांब दांडा जोडला, दांड्याच्या टोकाला पंखा. आणि मधे अशी एक बिजागरी अन् स्प्रिंग बसवली की पंख्याला काही आडवं आलं की दांडा आपोआप वर उचलायचा आणि अडथळा गेला की खाली बसायचा. थायलंडमध्ये लांब दांड्याच्या होड्या जुन्या आहेत आणि जगात उचलता येणारी इंजिनंही आहेत, पण ही बिजागरीची युक्ती त्यांची स्वतःची. त्यांनी हौसेनं व्हिडिओ टाकला. धो धो चालला. दोन होड्या विकल्याही.

वर्षभरानं कुणीतरी त्यांना पेटंट घ्या म्हणालं. ते एका एजंटाकडं गेले. एजंटानं पहिला प्रश्न विचारला, ‘हे आधी कुठं दाखवलंय का?’ यांनी अभिमानानं व्हिडिओ दाखवला. एजंट म्हणाला, ‘मग संपलं.’ कारण कायदा म्हणतो, अर्जाच्या आधी जी वस्तू तुम्ही स्वतः उघड केली, विकली, ती आता नवी राहिली नाही. स्वतःचाच व्हिडिओ स्वतःविरुद्धचा पुरावा! ज्या व्हिडिओखाली आपण सगळ्यांनी ‘नाद खुळा’ लिहिलं, त्यानंच त्यांचा हक्क बुडवला. दुसरी अडचण एजंटानं पुढं सांगितली. समजा व्हिडिओ नसता तरी तपासणारा अधिकारी म्हणाला असता, बिजागरी जुनी, स्प्रिंग जुनी, इंजिन जुनं, यात नवं काय? आपल्या पेटंट कायद्याचं कलम ३ सांगतं की माहितीतल्या वस्तूंची नुसती मांडामांड केली आणि त्यातली प्रत्येक वस्तू आपापलं काम सुटं सुटं करत राहिली, तर तो शोध धरला जाणार नाही. ही मांडामांड तशी सुटी नाही, तिच्यातून नवं काम निघतं, हे पटवून द्यायला वकिली भाषा लागते. ती लेथवर मिळत नाही.

इथं कायद्यातली खरी फट आहे. जर्मनीनं हे दुखणं १८९१ सालीच ओळखलं. मोठ्या शोधाला मोठं पेटंट आणि छोट्या, कामाच्या सुधारणेला छोटं पेटंट. दहा वर्षांचं, कमी खर्चाचं, लवकर मिळणारं. जपाननं १९०५ साली तसाच कायदा केला. चीननं १९८४ च्या कायद्यात ही सोय ठेवली आणि आज तिथं असे अर्ज दरसाल लाखोंनी होतात. आपल्या बाजारात जी चायना मेड छोटी-छोटी यंत्रं येतात, फवारणीचे पंप, कटर, क्लिपा, हँडल, त्यांच्यामागं असली छोटी पेटंटं असतात. भारतात मात्र ही पायरीच नाही. एक तर पूर्ण पेटंट घ्या, नाही तर घरी बसा. डिझाईनची नोंदणी आहे, पण ती फक्त दिसण्याला. वस्तू चालते कशी, याला तिथं संरक्षण नाही. २०११ साली केंद्राच्या औद्योगिक धोरण विभागानं छोट्या पेटंटावर चर्चेचा मसुदा काढला होता. त्यानंतर इतकी वर्षं गेली, कायदा काही आला नाही.

आता खर्चाचं बघू. सरकारी फी म्हणाल तर एकट्या माणसाला अर्जाचे १,६०० रुपये आणि तपासणीच्या विनंतीचे ४,००० रुपये. ही काही फार नाही, एका वेल्डिंग मशीनच्या दुरुस्तीएवढी. पण अर्ज लिहायचा कुणी? नेमका हक्क कशावर मागतोय, ते एकेका वाक्यात बांधावं लागतं. एक शब्द चुकला तर शेजारचा कारखाना बिजागरीऐवजी खाच करून मोकळा. हे लिहून देणाऱ्याची फी हजारोंत जाते. केंद्राच्या लघुउद्योग खात्याची परताव्याची योजना आहे, भारतातल्या पेटंटाला १ लाख रुपयांपर्यंत. पण हा परतावा आहे. आधी खिशातून घाला, पेटंट मंजूर होऊ द्या, त्यात वर्षं जाऊ द्या, मग मागा. रोजंदारीवर दोन पोरं ठेवलेला माणूस हे कसं करणार?

आणि भाषा? हे ऐका. पेटंटचे कागद हिंदीत किंवा इंग्रजीत द्यायचे, असा नियम आहे. मराठीला जागाच नाही. मुंबईत अँटॉप हिलला पेटंट कार्यालय आहे, महाराष्ट्राच्या राजधानीत, आणि मिरजेच्या मिस्त्रीनं तिथं मराठीत अर्ज पाठवायची सोय नाही. मराठीला अभिजात दर्जा मिळाला म्हणून आपण २०२४ मध्ये पेढे वाटले. त्या अभिजात भाषेत बिजागरीचं वर्णन केलेलं चालत नाही. मराठी पाट्यांसाठी काचा फोडणारे कार्यकर्ते या नियमावर कधी बोललेले मी ऐकले नाहीत.

आता त्या फ्लेक्सकडं वळतो.

‘पेटंट प्रकाशित’ याचा अर्थ काय, हे बहुतेकांना माहीत नसतं. कुणीही अर्ज केला की १८ महिन्यांनी तो सरकारी जर्नलमध्ये आपोआप छापला जातो. घाई असेल तर जादा फी भरून लवकर छापून घेता येतो. इथपर्यंत तो शोध नवा आहे का, चालतो का, हे कुणी तपासलेलंच नसतं. तपासणी नंतर असते आणि त्यासाठी वेगळी विनंती करावी लागते. म्हणजे ‘प्रकाशित’ झाल्याचा फ्लेक्स म्हणजे परीक्षेचा फॉर्म भरला म्हणून पेढे वाटण्यातला प्रकार. पण कॉलेजांच्या क्रमवारीत प्रकाशित पेटंटांचाही हिशेब धरतात, प्राध्यापकांना बढतीत उपयोग होतो. २०२१ पासून शिक्षणसंस्थांना फीमध्ये ८० टक्के सवलत मिळाली. हेतू चांगला होता. झालं काय, तर अर्जांचा पूर आला. ‘पेटंटमध्ये नाव घालून मिळेल, पहिल्या नावाचा दर इतका, चौथ्याचा तितका’ असल्या जाहिराती प्राध्यापकांच्या ग्रुपवर उघड फिरतात. ज्यांना शंका असेल त्यांनी ओळखीच्या एखाद्या प्राध्यापकाला खाजगीत विचारावं.

सगळेच असे नाहीत, हे मला माहीत आहे. रात्री लॅबमध्ये बसून काम करणारे शिक्षक याच जिल्ह्यात आहेत आणि या बाजाराचा सगळ्यात जास्त राग त्यांनाच येतो. पण सरकारचा आकडा बघा. २०२३-२४ या एका वर्षात देशात १ लाखाहून जास्त पेटंटं मंजूर झाली. विक्रम झाला, भाषणं झाली. त्यातली किती वापरात आहेत? पेटंटवाल्यानं ते वापरात आहे की नाही याचं निवेदन सरकारला द्यायचं असतं. पूर्वी ते दरवर्षी द्यायचं होतं, २०२४ च्या नियमांत ते तीन वर्षांतून एकदा केलं. म्हणजे जिथं चाबूक ओढायला हवा होता, तिथं लगाम सैल सोडला.

मग आपल्या कारागिराच्या वाट्याला काय येतं? कौतुक. कडेगाव तालुक्यातलं देवराष्ट्रे, यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव. तिथल्या एका फॅब्रिकेशन करणाऱ्या माणसानं भंगारातून साठेक हजारांत किक मारून चालू होणारी छोटी चारचाकी केली. २०२१ च्या डिसेंबरात व्हिडिओ गाजला, आनंद महिंद्रांनी बघितला आणि जानेवारी २०२२ मध्ये ती गाडी घेऊन बदल्यात नवी बोलेरो दिली. मोठेपणा महिंद्रांचा, त्यात शंका नाही. ही गाडी रस्त्याच्या नियमांत बसत नाही, हेही त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं. माझा प्रश्न त्यांना नाही, आम्हा पत्रकारांना आहे. या प्रकरणाच्या मी जेवढ्या बातम्या वाचल्या, त्यात त्या गाडीच्या कुठल्या भागात नवी युक्ती आहे आणि तिचं पेटंट होईल का, हा प्रश्न कुणी विचारलेला मला दिसला नाही. बोलेरोचा फोटो मात्र सगळ्यांनी छापला. बक्षीस देणाऱ्याच्या मर्जीवर मिळतं. हक्क मागून घेता येतो. आपण आपल्या माणसाला बक्षिसाच्या रांगेत उभं करतो आणि वर ‘कलेचं चीज झालं’ म्हणतो.

नुसता कागद आला म्हणजे दिवाळी, असंही मी म्हणत नाही. शंकर आबाजी भिसे हे नाव शाळेच्या पुस्तकात असायला हवं होतं. १८६७ साली मुंबईत जन्मलेला हा मराठी माणूस. किराणा दुकानात माल आपोआप तोलून देणाऱ्या यंत्राच्या रचनेसाठी इंग्लंडमधल्या स्पर्धेत पहिला आला, तिथं गेला आणि छापखान्याचे खिळे पाडायचं ‘भिसोटाईप’ यंत्र तयार केलं. त्यांच्या नावावर सुमारे २०० शोध आणि ४० च्या आसपास पेटंटं सांगतात. दादाभाई नौरोजींनी पैशासाठी धावाधाव केली, पुढं सर रतन टाटांनी मदत केली. तरी यंत्राचा मोठा कारखाना उभा राहिला नाही. भिसे अमेरिकेत गेले आणि १९३५ साली न्यूयॉर्कमध्ये वारले. हिंदुस्थानचा एडिसन म्हणायचे त्यांना. कागद होता, अक्कल होती, वेळेवर भांडवल नव्हतं.

याच्या उलट आपल्याच जिल्ह्यात काय घडलं बघा. लक्ष्मणराव किर्लोस्करांचं सायकलचं दुकान होतं बेळगावात. औंधच्या राजांनी कुंडलजवळच्या माळावर जागा दिली, १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली. लोखंडी नांगर केला तर शेतकरी म्हणायचे, लोखंडानं जमीन नासते. सुरुवातीला नांगर खपेनात, पण माणूस टिकला. का टिकला? जिद्द तर होतीच. पण पाठीशी एक राजा होता, ज्यानं जागा दिली, पैशाची मदत केली. आज तो राजा नाही. त्याच्या जागी जिल्हा उद्योग केंद्र आहे, एमआयडीसी आहे, बँका आहेत. यांच्यापैकी कुणी कुपवाडच्या एखाद्या शेडमध्ये जाऊन ‘तुमच्या यंत्रात नवं काय आहे, दाखवा’ असं विचारलंय का?

मिरजेनं एक गोष्ट करून दाखवली आहे, ती विसरू नका. आपल्या सतार आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगारांच्या घरांनी दीडशेहून जास्त वर्षं जी कला सांभाळली, तिला सरकारी कागद मिळाला. कारागीर एकत्र आले, संस्था केली, कागद जमवले, पाठपुरावा केला. पण लक्षात घ्या, ते मानांकन गावाचं आहे. उद्या सतारमेकर गल्लीतल्या एखाद्या पोरानं खुंटी न घसरण्याची नवी युक्ती काढली, तर ती मानांकनात बसत नाही. तिला पेटंटच लागेल. गावाचा हक्क मिळवायला आपण एकत्र येऊ शकतो, तर माणसाचा हक्क मिळवायला का नाही?

आता आक्षेप. काही डावे मित्र म्हणतील, पेटंट म्हणजे मक्तेदारी. १९७० च्या कायद्यानं औषधांच्या मालावरची पेटंटं बंद केली म्हणून आपल्याला स्वस्त औषधं मिळाली. बरोबर आहे आणि मी त्या कायद्याच्या बाजूचा आहे. पण जीव वाचवणारी गोळी आणि होडीची बिजागरी एका तराजूत घालू नका. शिवाय पेटंट ही देवघेव आहे. वीस वर्षं हक्क घ्या, पण रचना जगाला उघड करून सांगा. मुदत संपली की ती सगळ्यांची. सोएनेकेनची फाईल आज कुणीही करू शकतो. आमच्या मिस्त्रीची विद्या मात्र त्याच्या डोक्यात असते, आणि तो गेला की सरणावर जाते. हळदीच्या पॉलिशच्या ड्रमपासून बेदाण्याचे देठ काढायच्या यंत्रापर्यंत या जिल्ह्यात कितीजणांनी काय काय सुधारलं, याची नोंद कुठंही नाही.

दुसरा आक्षेप व्यापाऱ्यांचा. छोटी पेटंटं सुरू केली तर फालतू अर्जांचा पाऊस पडेल आणि मोठे लोक छोट्यांनाच नोटिसा पाठवतील. धोका आहे, नाकारत नाही. त्यासाठी नियम करता येतो, की दावा ठोकायच्या आधी तपासणी सक्तीची. आणि फालतू अर्जांचा पाऊस तर आताच पडतोय. फक्त तो कॉलेजांच्या अंगणात पडतोय, म्हणून कुणाला ओलं वाटत नाही.

म्हणून मागण्या. आकाशातलं काही मागत नाही.

१) जिल्हा उद्योग केंद्रानं महिन्यातून दोन दिवस मिरज आणि कुपवाड एमआयडीसीत मराठीतून पेटंट सल्ल्याची खिडकी उघडावी. मिस्त्रीनं कारखाना बंद ठेवून सांगलीला हेलपाटे घालायचे नाहीत, सल्लागारानं शेडमध्ये यायचं.

२) जिल्ह्यातल्या इंजिनिअरिंग कॉलेजांनी आणि मिरजेच्या शासकीय तंत्रनिकेतनानं स्वतःच्या दर पाच अर्जांमागं एका बाहेरच्या कारागिराचा अर्ज विनामूल्य लिहून द्यावा. ड्रॉइंग पोरं काढतील, त्यांनाही खरं यंत्र बघायला मिळेल. नाव मात्र कारागिराचं. ‘मार्गदर्शक’ म्हणून सहा नावं घुसवायची नाहीत.

३) फ्लेक्स लावणाऱ्या प्रत्येक संस्थेनं खाली एक ओळ छापावी. मंजूर किती, वापरात किती, त्यातून संस्थेला पैसे किती आले.

४) आपल्या खासदारांनी संसदेत दोन प्रश्न विचारावेत. छोट्या पेटंटाच्या कायद्याचं काय झालं? आणि पेटंटचा अर्ज मराठीत का चालत नाही?

५) पुढच्या पुराआधी जिल्हा प्रशासनानं इथल्या फॅब्रिकेशनवाल्यांना बोलावून नदीवर होड्यांची चाचणी घ्यावी. पण चाचणी जाहीर करायच्या आधी त्यांचे अर्ज दाखल करून द्यावेत. अर्धवट तयार असलेल्या रचनेचाही तात्पुरता अर्ज करता येतो, पुढं पूर्ण अर्जाला १२ महिने मिळतात. एवढी माहिती जरी प्रत्येक शेडच्या भिंतीवर चिकटवली, तरी निम्मं काम होईल.

आणि आपण? आपण तो शब्द सोडून द्यायचा. जुगाड म्हणजे वेळ मारून नेणं. तुटलेल्या चपलेला लावलेली सेफ्टी पिन म्हणजे जुगाड. ज्यानं चार महिने झोप मोडून, दहा वेळा दांडा वाकवून, अकराव्या वेळी बिजागरी बसवली, त्याच्या कामाला जुगाड म्हणणं हा त्याचा अपमान आहे. गोड आवाजात केलेला, पण अपमानच. शोधाचे पैसे द्यावे लागतात आणि जुगाडाला टाळ्यांवर भागतं, म्हणून हा शब्द सगळ्यांना आवडतो.

शेवटचं, आणि हे नीट वाचा. तुमच्या ओळखीत असा कुणी कारागीर असेल तर कृपा करून त्याचा व्हिडिओ टाकू नका. खाली कॉमेंटमध्ये त्याच्या यंत्राची रचना लिहू नका, फोटो डकवू नका. मला खाजगीत फक्त गाव आणि यंत्र कशासाठी आहे एवढंच कळवा. आत काय बसवलंय ते मलाही सांगू नका. यादी झाली की ती घेऊन आपण सगळे मिळून उद्योग केंद्रात जाऊ. आणि ही पोस्ट शेअर करताना वर ‘जबरदस्त जुगाड’ असं लिहू नका म्हणजे झालं.